पॉलिटिकल सायन्सला नवीन आलात? शासनाचा धडा गोव्यावर लावून वाचा

एफवाय बीएची मुलं दरवर्षी विचारतात की मॅडम, शासनाचा उगम, उद्देश, प्रकार हे पहिलं युनिट करायचं कसं, कारण नोट्समध्ये हॉब्स, लॉक, रुसो हे विचारवंत पाठोपाठ येतात आणि परीक्षेत कोण काय म्हणाला तेच आठवत नाही. मी फोंड्याकडची, याच विषयात एमए केलं, आता शिकवते. मला खरा उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा, प्रत्येक सिद्धांत आपल्या गोव्यावर लावून बघायचा.

शासन आलं कुठून याची चार उत्तरं पुस्तकात असतात. देवाने राजा नेमला, बलवानाने सत्ता बळकावली, लोकांनी आपसात करार केला, नाहीतर कुटुंब-कुळ-गाव असं हळूहळू वाढत गेलं. ती पाठ करण्याआधी एखाद्या खाजन शेताच्या बांधावर जाऊन उभे राहा. एका बाजूला खाडीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती, मधे मातीचा बांध आणि त्यात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा रोखणारी झडप, तिची लाकडी दारं भरतीच्या रेट्याने मिटतात आणि ओहोटीला उघडतात. बांध एका जागी फुटला तरी खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरतं, आपला तुकडा एकट्याने राखता येतच नाही. म्हणून गावकार, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतले लोक, एकत्र बसून ठरवायचे, दुरुस्ती कोण करणार, पैसा कुठून येणार, उरलं तर झोण, म्हणजे शिलकीतला वाटा, कोणाला किती. हीच गावकारी, पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणायला लागले आणि १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, तिच्या रूढी लिहून ठेवल्या. सामायिक पैसा, सार्वजनिक काम, नियम, शासन कशासाठी लागतं या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

पण लगेच तिला लोकशाही म्हणून मोकळे होऊ नका. गावकार घराण्यांतले पुरुषच सभेत बसायचे, बायकांना आणि त्याच शेतात राबणाऱ्या बाकीच्यांना तिथे आवाज नव्हता. अॅरिस्टॉटलचं वर्गीकरण इथे कामाला येतं, तो दोन गोष्टी विचारतो, सत्ता किती जणांच्या हातात आहे आणि ती कोणाच्या भल्यासाठी वापरली जाते. मला स्वतःला गावकारी काही जणांची सत्ताच वाटते, वर्गात यावर जोरात वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत.

बळाच्या सिद्धांताला १५१० पुरेसं आहे, पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा तलवारीवर घेतला. पुढे लिस्बनचा राजा, १९१० ला पोर्तुगाल प्रजासत्ताक झालं, मग सालाझारची हुकूमशाही, म्हणजे आपल्या पणजोबा-आजोबांनी घर न बदलता तीन प्रकारची शासनं बघितली. करार सिद्धांतातला लॉक शिकताना १८ जून १९४६ ची मडगावची सभा आठवा. सभेलाच बंदी असताना समाजवादी नेते राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, त्यांना पकडलं, तरी लोक हटले नाहीत. शासन लोकांच्या संमतीवर उभं असतं आणि हक्क चिरडणाऱ्या सत्तेला विरोध करायचा अधिकार लोकांना असतो, हे लॉकचं म्हणणं त्या दिवसावरून जेवढं पटतं तेवढं कुठल्याच गाईडमधून पटत नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाला, त्यानंतर आधी लष्करी गव्हर्नर, मग डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक आणि पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांचं सरकार. १९६७ चा जनमत कौल महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं यावर होता, पूर्ण राज्य व्हायचं का यावर नाही, हे मुलं हमखास चुकतात. घटक राज्य झालो ३० मे १९८७ ला. संघराज्यात केंद्रशासित प्रदेश आणि राज्य यांच्या अधिकारांत काय फरक असतो ते याच तारखेच्या आधीचा आणि नंतरचा गोवा घेऊन लिहा.

संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीत गोंधळ होत असेल तर पर्वरीला विधानसभेचं अधिवेशन चालू असताना प्रश्नोत्तराचा तास बघा. चाळीस आमदारांच्या सभागृहातलाच मंत्री उभा राहून उत्तर देतो आणि बहुमत गेलं की सरकार पडतं. अमेरिकेत मंत्री काँग्रेसचे सदस्य नसतात आणि राष्ट्राध्यक्ष बहुमत नसतानाही मुदत पूर्ण करतो.

आणि गावच्या ग्रामसभेला जाच, बहुतेकदा रविवारी असते. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात तेव्हा नीट ऐका, कुठला ठराव झाला, त्याचं पुढे काय झालं ते वहीत टिपा. पेपरात मात्र आधी सिद्धांत आणि विचारवंताचं नाव, मगच गावचं उदाहरण.