एमजीबी सिग्नलला बंद पडते? अ‍ॅम्बेसेडरचा मिस्त्री गाठा

माझी जुनी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, गरम झाली की सिग्नलला बंद पडायची. 'क्लासिक' गाड्यांचे गॅरेजवाले थेट इंजिन खोलायलाच निघाले. भाव ऐकून डोकं भणभणलं. मग लक्षात आलं, हिचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचं, म्हणजे अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचं सख्खं भावंड! कुर्ल्यात सरकारी अ‍ॅम्बेसेडर सांभाळलेले मिस्त्रीकाका मिळाले, रोजावर.

इंजिन गरम करून एअर फिल्टर काढले. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरमधली (हवा-पेट्रोल मिसळणारे भाग) जोडणी सैल केली. रबरी नळी कानाला लावून दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा होईपर्यंत आयडलचे (उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या वेगाचे) स्क्रू फिरवले. मग एकेका कार्ब्युरेटरचा पिस्टन मिलिमीटरभर उचलला: इंजिन बंद पडायला लागलं तर पेट्रोल कमी, म्हणून पेट्रोल सोडणाऱ्या जेटचा नट खाली; वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, म्हणून वर. शेवटी जोडणी घट्ट. पत्र्याचं काम मात्र दुसऱ्याला द्या.