घरच्यांच्या मदतीने रिसेल फ्लॅट: आधी पैशांचे कागद, मग घर

फ्लॅट बघायला सुरुवात करण्याआधी एक संध्याकाळ दोन्हीकडच्या आई-वडिलांसोबत बसा आणि आकडे कागदावर लिहून काढा. “कमी पडलं तर बघू आपण” या वाक्यात माया असते, पण त्याच्या भरवशावर टोकन (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) देता येत नाही. कोण किती देणार, ती रक्कम कुठल्या तारखेला मोकळी होणार, आणि ती भेट की उसनी, एवढं ठरेपर्यंत एजंटला फोन करू नका.

पुणे महापालिका हद्दीतला ७० लाखांचा फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के एवढीच मर्यादा असते. म्हणजे जास्तीत जास्त ५६ लाख कर्ज, १४ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही, आणि बहुतेक जोडपी इथेच अडकतात. पुण्यात मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार (मुंबईत ६ टक्के). नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. एजंटची दलाली १ टक्का ठरली तर ७० हजार. वकील, बँकेचं प्रोसेसिंग, गहाणखताचा मुद्रांक आणि सोसायटीचं हस्तांतर धरून हाताशी साधारण २१ लाख हवेत, तेही रंग-फरशी-प्लंबिंग सोडून.

शिवाय बँक तिच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत आणि करारातली किंमत यांतली कमी असेल ती धरते. व्हॅल्युएशन ६४ लाख आलं, तर कर्ज ५१ लाख २० हजारांवर येतं आणि ४ लाख ८० हजारांचं नवं भगदाड पडतं. घरच्यांची मदत मोजताना एवढी ढील ठेवा. आईबाबांनी सगळ्या एफडी एकदम मोडू नयेत. टोकन, करार आणि नोंदणी अशा टप्प्यांनी मोडाव्यात. व्यवहार फिसकटला तर निदान उरलेल्यांचं व्याज वाचतं.

पैसे घरचे असले तरी ते बँकेतूनच यावेत. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेणं बेकायदा आहे, आणि घरच्यांकडून एवढं उसनं रोख घेणंही. दंड त्या रकमेएवढा बसू शकतो. आई-वडील, सासू-सासरे, सख्खी भावंडं, मामा, मावशी, काका, आत्या यांनी दिलेल्या भेटीवर घेणाऱ्याला आयकर नाही. चुलत किंवा मामेभाऊ मात्र कायद्याच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत बसत नाही. अशांकडून वर्षात ५० हजारांहून जास्त आले की ते तुमचं उत्पन्न. भेट असेल तर नातं, रक्कम, तारीख, व्यवहार क्रमांक आणि “परतफेडीची अट नाही” असं सहीचं पत्र करून ठेवा. खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की बँक स्रोत विचारतेच. उसनी असेल तर परतफेडीची मुदत लिहा. सासऱ्यांकडून सही कशी मागायची हा संकोच असतोच, पण दहा वर्षांनी मेव्हण्यासमोर हिशोब मांडण्याचा त्याहून मोठा असतो.

करारात नावं कोणाची, हे भावनेने ठरवू नका. वडिलांनी १० लाख दिले म्हणून त्यांचं नाव लावलं, तर त्यांच्या पश्चात मृत्युपत्र नसल्यास त्यांचा हिस्सा सगळ्या वारसांत जातो. सहमालकाला बँक सहसा सहकर्जदारही करते, आणि वडिलांच्या वयामुळे कर्जाची मुदत घटू शकते. फक्त पत्नीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आपल्या उदाहरणात ७० हजार. पण मग नवरा मालक नाही, आणि मालक नसलेल्याला गृहकर्जाच्या व्याजाची करवजावट मिळत नाही.

घर एकदा दिवसा आणि एकदा पाणी येण्याच्या वेळेला बघा. बाथरूमला लागून असलेल्या भिंतींचा खालचा भाग, खिडकीचे कोपरे आणि फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर स्लॅब हाताने तपासा. फक्त एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर का ते विचारा. कार्पेट क्षेत्र टेपने मोजा. सोसायटीच्या ऑफिसात स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा: आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. पार्किंग ‘फ्लॅटसोबत’ आहे असं सांगितलं, तरी सोसायटीच्या नोंदीत ते कसं आहे हे पाहा.

कागदांत सगळ्यात जास्त वेळ घाला. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार, प्रत्येकाची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी), मालमत्ता कराची पावती, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. मधला एक मूळ करार हरवला असेल, तर पोलीस तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून (दस्त नोंदणी कार्यालय) प्रमाणित प्रत, हे सगळं विक्रेत्याकडून टोकनआधी करून घ्या. वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोज्यांचा शोध) घ्या. बँकेचा वकील बँकेसाठी असतो. मालक वारला असेल आणि सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर्स केले असतील, तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर सगळ्यांनी विक्रेते म्हणून सही करायला हवी.

टोकन छोटं ठेवा आणि पावतीवर लिहून घ्या: मालकीत दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं, तर १५ दिवसांत पूर्ण परत. विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेचं फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील ते सांगणारं) आणि तिच्याकडच्या मूळ कागदांची यादी आधी मागा. त्या कर्जाची बाकी रक्कम विक्रेत्याच्या खात्यात न भरता थेट त्याच्या कर्जखात्यात जाऊ द्या. करारात उर्वरित पैशांसाठी ६० ते ९० दिवस घ्या. बँका दोन सुट्ट्यांतही आठवडा खातात.

करारातली किंमत किंवा मुद्रांकासाठी धरलेलं मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल, तर १ टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या पैशांतून आधीच कापायचा आयकर) खरेदीदाराने कापून भरायचा, टोकनपासून प्रत्येक हप्त्यावर. बँक देत असलेल्या भागावरचाही तुम्हीच भरता, म्हणून तो स्वतःच्या हिश्शातून बाजूला काढा. एकाहून जास्त खरेदीदार किंवा विक्रेते असतील तर फॉर्म कसे भरायचे हे आधी विचारून घ्या. विक्रेता परदेशी रहिवासी असेल तर कपातीचे नियम वेगळे आणि दर बराच जास्त, तिथे सीएशिवाय पुढे जाऊ नका. मुद्रांक शुल्क करारमूल्य आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरांचा तक्ता) मूल्य यांतल्या जास्त आकड्यावर लागतं. विक्रेता “थोडं वरून रोख द्या” म्हणाला तर तिथेच थांबा: कर्ज कमी होतं, पुढे विकताना तुमची खरेदी किंमत कमी धरली जाते, आणि रेकनरचं मूल्य करारमूल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं तर फरक तुमचं उत्पन्न धरला जाऊ शकतो.

सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी झाली पाहिजे. दुय्यम निबंधकाकडे दोन साक्षीदार, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं आणि पॅन लागतात. आजीआजोबांच्या बोटांचे ठसे यंत्रावर कधीकधी नीट उमटत नाहीत, म्हणून विक्रेते वयस्क असतील तर दिवसाचा पहिला नंबर घ्या.

ताबा मिळताना विजेच्या मीटरचं रीडिंग आणि चाव्यांची संख्या ताबापावतीवर लिहा. सोसायटीत हस्तांतराचे अर्ज लगेच द्या: प्रवेश फी १०० रुपये, हस्तांतर फी ५०० आणि महापालिका हद्दीत प्रीमियम कमाल २५ हजार. ‘डोनेशन’ म्हणून त्याहून जास्त मागितलं, तर कमिटीला मागणी लेखी द्यायला सांगा.