एका बाजूचा लो बीम बंद: आधी फ्यूज, मग बल्ब

गाडीच्या हेडलाइटचा डावा लो बीम (जवळचा झोत) बंद, हाय बीम (लांबचा झोत) मात्र चालू. एच४ प्रकारच्या हेडलाइट बल्बमध्ये दोन्हींसाठी वेगळी फिलामेंट (तापून उजळणारी तार) असते, त्यामुळे संशय बल्बवरच जातो. तरी आधी फ्यूज पाहिला. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्यांचे फ्यूज वेगळे असतात. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आकृती असते. इग्निशन बंद करून प्लास्टिकच्या चिमट्याने फ्यूज सरळ वर ओढायचा आणि उजेडात धरून मधली तार तुटली आहे का ते बघायचं. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा हवा: लाल १०, निळा १५, पिवळा २०. १० च्या जागी २० कधीही घालू नका, फ्यूजऐवजी वायरिंग जळेल. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तो आधी शोधा.

इथे फ्यूज ठीक निघाला. मग बल्ब गार होऊ दिला, मागचा तीन पिनांचा सॉकेट काढला, रबरी बूट सोलला आणि तारेची क्लिप दाबून बाजूला केली. नवा बल्ब १२ व्होल्ट, ६०/५५ वॅटचाच घेतला. काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तापून काच तिथेच कमकुवत होते. हात लागलाच तर स्पिरिटने पुसा. बल्बचे तीन कान खाचांत नीट बसले नाहीत तर प्रकाश भलतीकडेच जातो, म्हणून भिंतीवर झोत तपासला.

सॉकेट तपकिरी पडलेला किंवा वितळलेला दिसला तर तोही बदला. सैल पिन तापते आणि नवा बल्बही नीट चालत नाही.