दुकानासमोर पदपथाचे काम निघाले? या चुका टाळा

पुण्यात आमच्या रस्त्यावर रुंद पदपथ आणि सायकल मार्गाचे काम निघाले, तेव्हा आम्हा दुकानदारांचा पहिला प्रश्न होता, "गाड्या कुठे लावायच्या?" विचारायला हवे होते ते वेगळेच: नवा पदपथ माझ्या जोत्यापासून किती खाली राहणार?

काम संपले, पहिला वळीव आला आणि पाणी उंबरा ओलांडून आत शिरले. खालच्या फळीवरचे वह्यांचे गठ्ठे भिजले. जुना थर न खरवडता वर नवा चढवला की रस्ता वर येतो, त्याच्या हिशेबाने पदपथही उंच होतो आणि दुकान खड्ड्यात जाते. म्हणून काम सुरू होण्याआधीच भिंतीवर ऑइलपेंटने आजच्या पातळीची रेघ मारा आणि तारीख दिसेल असा फोटो काढा. कनिष्ठ अभियंत्याकडून नकाशावरची अंतिम पातळी समजून घ्या. उतार रस्त्याकडे हवा, दुकानाकडे नको. पेव्हर बसण्याआधी पावसाळी गटाराची जाळी कुठे येणार, तेही पाहून ठेवा.

काम झालेच असेल तर पदपथावर दोन बादल्या पाणी ओता. पाणी दुकानाकडे वळले तर उताराची चूक आहे, पेव्हर उचलून ती सुधारता येते. पाणी जाळीपाशी साचले तर जाळी उंच बसली आहे किंवा आत राडारोडा अडकला आहे. तक्रार लेखी द्या आणि दोषदायित्व कालावधी संपायच्या आत द्या. त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते.

दुसरी चूक म्हणजे रस्ता पूर्ण उखडू देणे. आधी एक बाजू, तीही चौक ते चौक अशा टप्प्यांत, असा आग्रह आठवडाभर आधी धरला तर ऐकला जातो. खड्डा पडल्यावर कुणाला वेळ नसतो. चरावर प्रत्येक दुकानासमोर लोखंडी प्लेट किंवा कठडा असलेली फळी मागा. आजी-आजोबांना चर ओलांडता आला नाही तर ते पुढच्या गल्लीतल्या दुकानात जातात आणि पुष्कळदा तिकडचेच होतात. काम सणाच्या तोंडावर येत असेल तर टप्प्यांची तारीखवार यादी लेखी मागून घ्या. एक बाजू बंद असताना पी-1, पी-2 च्या (सम-विषम तारखांना आलटून पालटून पार्किंगच्या) पाट्या तशाच राहिल्या तर गिऱ्हाइकाची दुचाकी उचलली जाते आणि राग दुकानदारावर निघतो. वाहतूक शाखेला पत्र देऊन तेवढ्या दिवसांपुरता बदल करून घ्या.

आता पदपथ आणि सायकल मार्गांच्या जोडणीबद्दल. 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. तिच्या लगतचे सायकल मार्ग ठिकठिकाणी तुटत गेले आणि सायकलस्वार पुन्हा गाड्यांच्या गर्दीत उतरले. 2017 मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, तरी खरा कस चौकातच लागतो. हनुमान टेकडी किंवा वेताळ टेकडीवरून सकाळी उतरणारी माणसे दूध, चहा, भाजी घेत घरी जातात. पायवाट आणि मुख्य पदपथ यांच्यामध्ये पन्नास पावलांचा तुकडा सुटला, तर ती दुकानापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे किती किलोमीटर झाले यापेक्षा कुठे तुटले ते विचारा. टेप घेऊन मोजा: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार चालायला मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर हवी आणि पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

हे सांगताना आपल्याकडेही पाहायला हवे. दुचाकी चढवायला पदपथ कापून केलेला उतार, बाहेर मांडलेली पाटी, पायऱ्यांवरचा माल. हे सगळे त्याच 1.8 मीटरमधून जाते. चढउतार लागत असेल तर तो आपल्या हद्दीत करा.

"धंदा बसेल" एवढ्यावर विरोध करू नका, त्याने काही सिद्ध होत नाही. आठवडाभर एका वहीत लिहा: कोण चालत आले, कोण दुचाकीने, कोण बसने. आमच्या वहीत चालत येणारे निघाले त्याच्या निम्मेही असतील असे आम्हाला आधी वाटले नव्हते. ती वही दाखवूनच मालाच्या टेम्पोसाठी सकाळची वेळ राखून मिळाली. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन होतो. कायमचे बांधकाम करण्याआधी असाच तात्पुरता प्रयोग आपल्या रस्त्यावरही मागता येतो.

आणि उशीर नको. रस्त्याची रुंदी विकास आराखड्यात ठरते, जेसीबी आल्यावर नाही. 2013 मध्ये जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर 87 हजारांहून अधिक हरकती-सूचना गेल्या. आपल्या रस्त्यावरून किती गेल्या, हे तेव्हा आम्ही विचारलेही नव्हते. सुटलेल्या छोट्या तुकड्यांसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामे सुचवण्याची सोय 2006-07 पासून आहे. अर्जात "पदपथ सुधारा" असे मोघम लिहू नका. "विजेच्या डीपी बॉक्सपासून चौकातल्या सिग्नलपर्यंत पदपथ नाही, तिथे उतारासह जोडून द्या" असे लिहा आणि सोबत फोटो लावा.