बोटीच्या इंजिनला कोणता थर्मोस्टॅट? नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन थेट बंदरावर कामाला लागलं की एक सल्ला हमखास कानावर येतो: "मशीन तापतंय ना, मग थर्मोस्टॅट काढून टाक." तो ऐकण्याआधी हा भाग करतो काय, ते नीट समजून घ्या.

थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान सांभाळतो, कमाल नाही. त्याच्या छोट्या डबीतलं मेण तापून फुगतं, झडप उघडते आणि पाणी थंड व्हायला बाहेर पडतं. झडप एकदा पूर्ण उघडली की त्याच्या हातात काही उरत नाही. पुढचं तापमान पंप, हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं पाणी गार करणारा भाग) आणि प्रोपेलरवरचा भार ठरवतात. त्यामुळे ८२ अंश सेल्सिअसचा काढून ७१ चा बसवला तरी तापणारं इंजिन तापतंच, फक्त जरा उशिरा.

निवडताना पहिला प्रश्न एकच: ब्लॉकमध्ये खारं पाणी फिरतं की कूलंट (बंद सर्किटमध्ये फिरणारं गंजरोधक मिश्रण)? खारं पाणी थेट फिरत असेल तर तापमान साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच ठेवतात. त्याच्या बरंच वर गेलं की पाण्यातले क्षार पाणवाटांमध्ये थर धरू लागतात, वाटा अरुंद होतात आणि मग इंजिन खरोखरच तापायला लागतं. बंद कूलंट सर्किटमध्ये ही भीती नाही, म्हणून तिथे ७१ ते ८२ किंवा त्याहून थोडा वरचा थर्मोस्टॅट चालतो. यानमारच्या जुन्या जीएम मालिकेत हा फरक स्वच्छ दिसतो. खाऱ्या पाण्याच्या मॉडेलमधला थर्मोस्टॅट ४२ ला उघडू लागतो आणि ५२ ला पूर्ण उघडतो; कूलंटवरच्या मॉडेलमध्ये हेच आकडे ७१ आणि ८५ आहेत. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं) समुद्राच्याच पाण्यावर गार होतात, त्यांचे थर्मोस्टॅट बहुधा ५० ते ६० च्या टप्प्यातले असतात. अंतिम शब्द मात्र तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा.

थर्मोस्टॅटच्या फ्लॅंजवर (कडेच्या पट्टीवर) कोरलेला आकडा उघडायला सुरुवात होण्याचा असतो. पूर्ण उघडायला आणखी १० ते १५ अंश लागतात. आकडा १४०, १६० किंवा १८० असेल तर तो फॅरनहाइट समजा, म्हणजे अनुक्रमे ६०, ७१ आणि ८२ सेल्सिअस.

"आपल्याकडचा समुद्रच गरम, म्हणून कमी आकड्याचा घ्या" हेही ऐकू येईल. पण समुद्राच्या उष्णतेचा ताण हीट एक्स्चेंजरवर येतो; तो कमी पडत असेल तर नळ्या साफ करा. थंड चालणारं डिझेल इंजिन काही सुखात नसतं. इंधन पुरतं जळत नाही, पांढरा धूर येतो, तेलात डिझेल आणि ओल उतरते, सिलिंडर लवकर झिजतात.

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर काही इंजिनं उलट जास्त तापतात. अनेक थर्मोस्टॅटना खालच्या बाजूला दुसरी चकती असते. मुख्य झडप उघडताना ती बायपासचं (पाणी हीट एक्स्चेंजर टाळून परत फिरवणाऱ्या वाटेचं) तोंड बंद करते. ही चकतीच नसेल तर बरंचसं गरम पाणी हीट एक्स्चेंजरकडे न जाता बायपासमधून पुन्हा पंपाकडे वळतं. ट्रकच्या इंजिनावर बेतलेल्या मरीन इंजिनांत नेमकी हीच फसगत होते. दुकानात त्याच व्यासाचा, पण चकती नसलेला किंवा उंचीला कमी असलेला तुकडा मिळतो आणि तो बेमालूम बसतोही. पार्ट नंबर जुळवा, जुना तुकडा शेजारी ठेवून उंची मोजा. खाऱ्या पाण्यात गाडीचा साधा पोलादी थर्मोस्टॅट घालू नका, तो गंजून अडकतो.

नवा असला तरी बसवण्याआधी तपासा. भांड्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर दोऱ्याने मध्येच लटकवा. तळाला टेकले तर चुकीचं दिसेल. मंद आचेवर ढवळत तापवा. कोरलेल्या आकड्याच्या दोनेक अंश अलीकडे-पलीकडे झडप हलायला हवी. ८८ चा असेल तर उकळत्या पाण्यातही जेमतेम पूर्ण उघडेल, तो दोष नव्हे.

बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या, म्हणजे गरम बाजूला. फ्लॅंजवर हवा सुटायला छोटं भोक किंवा हलती पिन असेल तर ती वरच्या अंगाला. नाहीतर हवा अडकून गेजचा काटा नाचत राहतो. गॅस्केट नवंच वापरा.

दोष शोधताना काटा कसा वागतो ते पाहा. अचानक चढला तर आधी सी कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारी झडप), स्ट्रेनरमध्ये (गाळणीत) अडकलेली प्लास्टिकची पिशवी आणि इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) तपासा. कमी आरपीएमवर ठीक, पण पूर्ण वेगात हळूहळू चढतो तर चोंदलेला हीट एक्स्चेंजर, एग्झॉस्ट एल्बो (धूर बाहेर नेणारा वाकडा नळ) किंवा शेवाळ-कालवांनी जड झालेला बोटीचा तळ. सुरू केल्यावर लगेच चढतो आणि थर्मोस्टॅटच्या पुढचा होज गारच राहतो, तर तो बंद अवस्थेत अडकलाय. आणि तासभर चालूनही काटा खालीच असेल तर उघडा अडकलाय, किंवा कुणीतरी आधीच काढून टाकलाय.

कूलंट भरताना विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार आतून नुकसान करतात. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नसला तरी गंजरोधकासाठी कूलंट हवंच; तयार मिश्रण घ्या, नाहीतर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. थंड इंजिनात झाकण उघडं ठेवून सावकाश भरा आणि चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी झपकन उतरते. तेवढं भरून झाकण लावा, आणि पूर्ण गार झाल्यावर पुन्हा पातळी बघा. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत हे काम उरकलंत, तरी धक्क्याला बांधून रिकाम्या चालीवर घेतलेली चाचणी पुरेशी नाही. खरा आकडा ऑगस्टमध्ये, भार घेऊन अर्धा तास पूर्ण वेगात चालवल्यावरच गेजवर दिसेल. तो वहीत तारखेसह लिहून ठेवा.