सांध्यांसाठी खास रंधे घ्यावेत का?

सागवानी टेबलाची आडवी पट्टी पायाच्या खाचेत बसवून पाहिली आणि जोडावर एका बाजूला कागद सरकेल एवढी फट राहिली, की बहुतेक हौशी सुतारांचे लक्ष शोल्डर प्लेनकडे जाते. हा रंधा दिसायला देखणा आहे, त्याची किंमतही भक्कम आहे, आणि तो हातात आला की सांधे आपोआप नीट बसू लागतील असे वाटते. माझे मत स्पष्ट आहे: सांधे तासण्याच्या खास रंध्यांपैकी राउटर प्लेन, म्हणजे ठरवलेल्या खोलीवर लाकूड सपाट तासणारा रंधा, लवकर घ्यावा आणि शोल्डर प्लेनची खरेदी बहुतेकांनी लांबणीवर टाकावी. पट्टीच्या टोकाला खाचेत जाणारी जी जीभ कापली जाते, तिला या लेखात टेनन म्हटले आहे. टेननच्या मुळाशी काटकोनात असलेला आणि पायाला टेकणारा भाग म्हणजे खांदा, आणि तिचे दोन रुंद पृष्ठभाग म्हणजे गाल.

साध्या रंध्याचे पाते दोन्ही बाजूंच्या लोखंडी भिंतींच्या आत असते, त्यामुळे ते कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही. शोल्डर प्लेनचे पाते रंध्याच्या पूर्ण रुंदीचे, किंबहुना त्याहून केसभर जास्त असते, म्हणून तो गालाला चिकटून खांद्यावर चालवता येतो. त्याचे पाते बरेच आडवे बसवलेले असते आणि तोंड, म्हणजे पाते बाहेर येते ती तळातली फट, अरुंद असते, कारण खांद्यावर लाकडाचे उभे रेषे कापावे लागतात आणि तिथे जाड कीस काढला तर लाकूड फाटते. अशा रंध्यांची परंपरा जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या प्रेस्टन कंपनीचे नमुने 1930च्या दशकात रेकॉर्ड कंपनीकडे गेले, आणि आज अमेरिकेतील ली-नील्सन व कॅनडातील व्हेरिटास यांचे रंधे उत्तम मानले जातात. आपल्याकडे ते बहुधा आयात करावे लागतात आणि किमतीत सीमाशुल्काची भर पडते.

खरी अडचण खांद्याच्या लांबीची आहे. खुर्चीच्या किंवा छोट्या टेबलाच्या पट्टीचा खांदा साधारण 50 ते 75 मिमी लांब असतो, तर मध्यम शोल्डर प्लेन सुमारे 200 मिमी लांब असतो. एवढा लांब रंधा एवढ्याशा जागेवर टेकवला की सुरुवातीला मागे आणि शेवटी पुढे झुकतो, आणि सरळ करायला घेतलेला खांदा मध्ये फुगीर होतो. त्यातच पाते कोपऱ्याच्या बाजूने थोडे जरी आत राहिले, तरी प्रत्येक फेरीला रंधा कोपऱ्यापासून किंचित दूर सरकतो आणि तिथे बारीक पायऱ्या तयार होतात. मग त्या पायऱ्या काढायला पटाशीच घ्यावी लागते.

म्हणून लहान खांद्यासाठी आधी पटाशीची पद्धत पक्की करावी. खांद्याची रेघ पेन्सिलीने न आखता धारदार सुरीने, गुण्या धरून, पट्टीच्या चारही बाजूंनी आखावी आणि शेवटची रेघ पहिल्या रेघेला तंतोतंत मिळते का ते पाहावे. ती मिळत नसेल तर पट्टी किंवा गुण्या काटकोनात नाही, आणि हा दोष कोणताही रंधा दूर करणार नाही. नंतर टाकाऊ बाजूने पटाशी तिरकी धरून रेघेपर्यंत लहानशी चीर पाडावी, म्हणजे करवतीला बसायला भिंत मिळते आणि काप रेघेलाच लागतो. एवढे करूनही केसभर लाकूड उरले, तर 25 मिमीची किंवा त्याहून रुंद पटाशी सुरीच्या रेघेतच टेकवून हाताच्या दाबाने खाली न्यावी. टेननच्या मुळालगतचा, बाहेरून न दिसणारा भाग अगदी किंचित खोल घेतला तरी चालतो. दिसणारी कड मात्र सलग आणि एका पातळीत राहिली पाहिजे, कारण फट दिसते ती तिथेच. पटाशीने हाताच्या पाठीवरचे केस निघत नसतील, तर लाकडाला हात लावण्याआधी धार लावावी.

गालांचा प्रश्न वेगळा आहे आणि राउटर प्लेनची खरी किंमत इथे कळते. टेनन घट्ट झाली की लोक गालावर शोल्डर प्लेन किंवा काचपेपर चालवतात, आणि टेनन टोकाकडे निमुळती होते. ती खाचेत सहज जाते, पण गोंदाला लाकूड सर्वत्र टेकत नाही आणि सांधा काही वर्षांत हलू लागतो. राउटर प्लेनचा तळ पट्टीच्या मूळ पृष्ठभागावर टेकतो आणि त्याचे लहान, वळलेले पाते ठरवलेल्या खोलीवर खाली लोंबकळते, म्हणून कापलेला गाल पट्टीच्या पृष्ठभागाला समांतरच राहतो. पट्टी शेगड्यात किंवा क्लॅम्पने बेंचवर आडवी धरावी आणि टेननच्या पलीकडे त्याच जाडीचा लाकडी तुकडा ठेवावा, म्हणजे तळाला दोन्हीकडे आधार मिळतो आणि रंधा कलंडत नाही. पाते सर्वांत उंच भागाला जेमतेम लागेल इतके खाली करून सुरुवात करावी, गालभर फिरवून घ्यावे आणि मगच खोली थोडी वाढवावी. एका गालासाठी ठरलेली खोली न बदलता पट्टी उलटून दुसरा गालही त्याच मापाने काढला, तर टेनन बरोबर मधोमध येते. कोरडी टेनन हाताच्या दाबाने आत जावी आणि पट्टी उलटी धरली तरी गळून पडू नये, ही बसण्याची कसोटी आहे.

हाच रंधा कपाटाच्या फळ्यांसाठी पाडलेल्या आडव्या खाचांचा तळ सपाट करतो आणि बिजागरीच्या खाचेची खोली एकसारखी ठेवतो, त्यामुळे तो पडून राहत नाही. स्टॅनलीच्या 71 क्रमांकाचा जुना नमुना चांगल्या स्थितीत मिळाला तर तोही पुरेसा आहे. तेवढाही खर्च नको असेल, तर कठीण लाकडाच्या ठोकळ्यात तिरके भोक पाडून त्यात 6 मिमीची पटाशी पाचरीने घट्ट बसवावी. तिची खोली बदलणे कष्टाचे असते, पण काम तेच होते.

लाकडाच्या कडेला पायरीसारखी पाडलेली खाच म्हणजे रिबेट. बाजू उघड्या असलेला रिबेट ब्लॉक प्लेन रुंद गालांवर छान चालतो. ज्यांच्याकडे साधा ब्लॉक प्लेन, म्हणजे एका हाताने चालवायचा लहान रंधा, अजून नाही, त्यांनी त्याऐवजी हा घेतला तर एकात दोन कामे होतात, मात्र तोंडापाशी त्याचे अंग कमकुवत असल्याने तो हातातून पडू देऊ नये. खाचेची बाजू रुंद करणारे साइड रिबेट प्लेन वर्षातून क्वचित लागतात. ते शेवटी घ्यावेत.

शोल्डर प्लेन कोणी घ्यावा? जे टेबलाच्या फळीला दोन्ही टोकांना आडवी पट्टी जोडतात, जिथे खांदा हातभर किंवा त्याहून लांब असतो, किंवा जे दारांच्या चौकटींचे रिबेट नियमितपणे हाताने साफ करतात, त्यांना त्याचा पुरेपूर उपयोग होतो. लांब खांद्यावर रंध्याला टेकायला जागा मिळते आणि पटाशीपेक्षा तो निश्चितच सरळ चालतो. पहिला घ्यायचा तर सुमारे 18 ते 19 मिमी रुंदीचा घ्यावा. चालवताना दोन्ही टोकांकडून मध्याकडे यावे, कारण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ढकलल्यास शेवटच्या कडेचे लाकूड तुटते. सागात सिलिका असल्यामुळे धार लवकर जाते, तेव्हा कामाच्या मध्येच पाते काढून पुन्हा धार लावण्याची तयारी ठेवावी.

रंधा हाती येताच, परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, तळाला गुण्या लावून उजेडासमोर दोन्ही बाजू तपासाव्यात. बाजू तळाशी काटकोनात नसेल तर प्रत्येक खांदा तिरका येईल, आणि एवढ्या अरुंद अंगाचा रंधा घरी घासून सरळ करणे फार कठीण असते. तळ काचेवर ठेवून डगमगतो का ते पाहावे, पाते आपल्या बैठकीवर पूर्ण टेकते का ते पाहावे, आणि ते दोन्ही बाजूंनी रंध्याच्या अंगाबाहेर बोटाला जेमतेम जाणवेल इतकेच येते याची खात्री करावी. यांपैकी एकही गोष्ट चुकली तर रंधा दुरुस्त करत बसू नये, परत पाठवावा.