पावसाळी सीमाभागात अंगाला मानवेल असे कापड कसे निवडावे

जुलै महिन्यात बेळगाव जिल्ह्यातील खानापूर आणि जांबोटी भागात आठवडाभर ऊन दिसत नाही, तेव्हा दोरीवरचा कपडा वरून हाताला कोरडा लागतो. पण चड्डीचा नेफा, परकराची नाडी किंवा काखेतली दुहेरी शिवण चिमटीत धरून पाहिली, तर तिथे ओल जाणवते. कंबर, जांघ आणि काख या जागी उठणाऱ्या गजकर्णाला ही ओल आणि तिच्यात मिसळणारा घाम मोठाच हातभार लावतो. म्हणून आपल्या भागात कापड घेताना ते घाम किती शोषते एवढेच पाहून भागत नाही. घरातल्या घरात, उन्हाशिवाय, ते किती वेळात आतपर्यंत वाळते हेही पाहावे लागते.

सुती कापड अंगाला चांगले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि ते खरे आहे, पण अर्धेच. हवेतील नेहमीच्या ओलाव्यात सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी स्वतःत धरून ठेवतो, रेशीम सुमारे ११ टक्के धरते, तर पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे साध्या विणीच्या पॉलिस्टरखाली घाम कातडीवर साचून राहतो, घामोळे येते आणि कपड्याचा वास धुऊनही जात नाही. सुती कापड घाम पिते म्हणून थंड वाटते, पण प्यायलेले पाणी सोडायला तेच कापड वेळही घेते. एप्रिल-मे महिन्यांत अथणी, चिकोडीच्या उन्हात मलमल, व्हॉइल किंवा पॉपलीन यांच्यासारखे दुसरे कापड नाही. पावसाळ्यात मात्र जाड जीन्स, जाड टॉवेल आणि दुहेरी कापडाचे कपडे बाजूला ठेवावेत आणि पातळ सुती कपडेच, पण एक-दोन जोड जास्त, वापरात आणावेत. अर्धवट ओल्या शुद्ध सुती कपड्यापेक्षा पूर्ण वाळलेले टेरिकॉट (सुती आणि पॉलिस्टर यांचे मिश्र कापड) बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खादीलाही हाच नियम लागू होतो. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले आणि आपल्याच जिल्ह्यातील हुदली हे गाव खादीसाठी ओळखले जाऊ लागले, याचा मला मनापासून अभिमान आहे. हातसुताच्या सैल विणीत हवा खेळते, त्यामुळे खादीचा सदरा उन्हाळ्यात सुखाचा होतो. पण जाड खादी भर पावसात अंगालगत घालू नये.

दुकानात 'सुती' म्हणून मिळणारे सगळेच कापड सुती नसते. मी एकदा आईच्या ब्लाऊजसाठी शुद्ध सुती म्हणून कापड आणले आणि चार दिवसांत तिच्या काखेत बारीक पुरळ आले. मग उरलेल्या तुकड्यातून एक उभा आणि एक आडवा धागा काढून दोन्ही जाळून पाहिले. आडवा धागा कागदासारखा जळला आणि बोटाने चोळताच त्याची राख झाली. उभा धागा मात्र आक्रसला, वितळला आणि त्याच्या टोकाला काळा, कडक मणी उरला, म्हणजे तो पॉलिस्टर होता. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते, पण धागा चिमट्यात धरावा, खाली स्टीलची ताटली ठेवावी आणि उभे-आडवे दोन्ही धागे तपासावेत. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो.

नवे कपडे धुतल्याशिवाय अंगात घालू नयेत. त्यात खळ असते, सुटा रंग असतो, आणि सुरकुती न पडणाऱ्या कापडावरील प्रक्रियेत फॉर्माल्डिहाइड सोडणारी रसायने वापरलेली असू शकतात, ज्यांनी काहींच्या कातडीला खाज सुटते. गडद पॉलिस्टरच्या अस्तराचा रंगही काहींना बाधतो. पुरळ नेमके कुठे आले आहे ते पाहिले की कारण शोधणे सोपे जाते: काखेच्या कडेला किंवा मानेवर आले असेल तर रंगाचा वा प्रक्रियेचा संशय घ्यावा, आणि बेंबीखाली रुपयाएवढा चट्टा असेल तर पँटच्या धातूच्या बटणाचा, कारण त्यातील निकेल अनेकांना सोसत नाही. अशा बटणामागे आतून सुती कापडाची दुहेरी पट्टी शिवून घ्यावी.

इरकल आणि खण यांबद्दल थोडे सावध राहावे. जुन्या पद्धतीच्या इरकलीत अंग सुती आणि पदर रेशमी असे, म्हणून आपल्या आज्या ती दिवसभर नेसून कामे करीत. आता तशाच दिसणाऱ्या साड्या कृत्रिम रेशमातही येतात. रोजच्या वापरासाठी सुती अंगाचीच इरकल मागावी. खणाच्या ब्लाऊजला शिंप्याकडून पातळ सुती अस्तर लावून घ्यावे आणि जरीचा काठ गळ्याच्या आत वळवू देऊ नये.

तान्ह्या बाळासाठी जुन्या, मऊ पडलेल्या सुती साडीची दुपटी आणि झबली उत्तम. मोठ्या मुलांच्या शाळेचा गणवेश बहुधा टेरिकॉटचा असतो, त्याखाली सुती बनियन घालावे. ज्याची कातडी कोरडी किंवा इसबाची असेल त्याला घोंगडीची लोकर थेट लागू देऊ नये, कारण जाडी ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे गेलेले लोकरीचे तंतू कातडीला टोचतात.

गजकर्ण झालेच असेल तर अंतर्वस्त्रे सुती आणि सैल घालावीत, टॉवेल वेगळा ठेवावा आणि वाळलेल्या कपड्याचा नेफा व शिवणी आतून गरम इस्त्रीने शेकून घ्याव्यात. औषधाच्या दुकानातून कोणाच्या सांगण्यावरून मलम आणून लावू नये. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज दोन दिवस थांबते आणि रोग पसरत जातो. त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवावे.

चुलीजवळ किंवा गॅसजवळ काम करताना नायलॉन, पॉलिस्टरची साडी नेसू नये, कारण ती पेटली की वितळून अंगाला चिकटते. सुती कापडही झटकन पेट घेतेच, म्हणून पदर खोचूनच ठेवावा.

निपाणी भागात तंबाखूच्या शेतात राबणाऱ्यांसाठी तर कपडा हेच संरक्षण आहे. दवाने किंवा पावसाने भिजलेल्या हिरव्या पानांतील निकोटिन ओल्या कपड्यातून आणि कातडीतून शरीरात जाते, आणि मळमळ, चक्कर, डोकेदुखी सुरू होते. पाने वाळल्यावरच तोडणीला लागावे, पूर्ण बाह्यांचा कपडा घालावा, तो भिजला की लगेच बदलण्यासाठी दुसरा जोड बांधावर ठेवावा, आणि घरी आल्यावर हे कपडे लेकरांच्या कपड्यांत न मिसळता वेगळ्या बादलीत धुवावेत.